द्विभाषिक शिक्षकांसाठी सरकारी पैसा असतो, मग शिक्षक काहून नाही सापडत?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारे भाऊ गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीकडचे, आता नागपुरात नोकरीला आहेत, लहान बहीण इथंच डी.एड. करून राहिली. घरी माडिया (गोंडीच्याच कुळातली आदिवासी भाषा), मराठी एकदम पक्की. त्यांचं म्हणणं असं की नव्या शैक्षणिक धोरणात मातृभाषेतून शिक्षण लिहिलंय, अमेरिकेत राज्य सरकारं पैसे मोजून दोन भाषांचे मास्तर तयार करतात, मग आपल्याकडं असा फंड आहे का, असला तर जातो कुठं, आणि बहिणीला तिच्या भाषेचा नोकरीत काही उपयोग होईल का.

मी डायटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत होतो, नोकरीचा बराच काळ विदर्भातच गेला, प्रशिक्षणं घेतली, वार्षिक आराखडे बनवले, त्यातल्या रकमा कापल्या गेलेल्याही पाहिल्या. आता रिटायर आहे तं जरा मोकळं लिहितो.

पहिलं उत्तर, पैसा आहे. खूप नाही पण आहे. तो जातो प्रशिक्षणाच्या दिवसांवर आणि छपाईवर, पदावर एक रुपया जात नाही. सरकारी कागदावर शिक्षकाच्या पदापुढं माध्यम लिहिलेलं असतं, मराठी, हिंदी, उर्दू वगैरे, पण "या शाळेतल्या पोरांची घरची भाषा माडिया आहे, सबब इथला एक शिक्षक माडिया बोलणारा पाहिजे" असं कोणत्याच पदापुढं लिहिलेलं नसतं. जोवर ते लिहिलं जात नाही तोवर प्रशिक्षणावर कितीही ओता, कूलरमध्ये पाणी भरत राहायचं अन् मोटारच लावायची नाही असा तो प्रकार आहे.

कायद्यात काही कमी नाही बरं का. घटनेचं कलम ३५० क म्हणते भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय राज्यानं करावी. त्याच्याही आधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की शाळेत त्या भाषेची ४० पोरं किंवा एका वर्गात १० पोरं असली की त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यायचा. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ सुद्धा शक्य तिथवर मातृभाषेतूनच शिकवा म्हणते, आता ते "शक्य तिथवर" म्हणजे काय ते प्रत्येक साहेब आपापल्या सोयीनं ठरवतो. आणि २०२० च्या धोरणात तर शिक्षक निवडीबद्दल स्पष्ट आहे, निवडीच्या वेळी मुलाखत किंवा प्रत्यक्ष पाठ घ्यावा, त्यात स्थानिक भाषेतून शिकवता येते का ते बघावं, म्हणजे प्रत्येक शाळेत नाहीतर शाळा संकुलात पोरांच्या घरच्या भाषेत बोलू शकणारे काही शिक्षक तरी राहतील. आपल्याकडं जिल्हा परिषदेची भरती होते पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या २०० पैकी मार्कांवर, आणि त्यात जिल्हा परिषदेसाठी मुलाखत नाहीच. वशिलेबाजी थांबवायला मुलाखत काढली ते चांगलंच केलं, मी त्याच्या विरोधात नाही, पण भाषा तपासायची जी एक जागा होती तीही त्याच्याबरोबर गेली.

आता पैशाचा रस्ता सांगतो. २०१८ मध्ये सर्व शिक्षा, माध्यमिक शिक्षा आणि शिक्षक शिक्षण या तीन योजना एकत्र करून समग्र शिक्षा झाली, केंद्र ६० टक्के अन् राज्य ४० टक्के. २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभर मिळून तिची तरतूद २.९४ लाख कोटींच्या घरात आहे. डायटचा पैसा, शिक्षकांची प्रशिक्षणं, पूरक साहित्य हे सगळं याच्यातूनच येते. जिल्हा आराखडा बनवतो, राज्य तो एकत्र करून दिल्लीला नेते, तिथं मंडळ एकेका ओळीवर बसून मंजुरी देते, मग हप्ता राज्याच्या तिजोरीत, तिथून खात्यात, खात्यातून जिल्ह्यात. ही साखळी पूर्ण होता होता दिवाळी होऊन जाते. माझ्या अनुभवात भाषेची प्रशिक्षणं नेहमी जानेवारी फेब्रुवारीत लागायची, कारण मार्च एंडच्या आत पैसा खर्च झाल्याचं विनियोग प्रमाणपत्र द्यायचं असते, अन् तेव्हाच शाळेत परीक्षांची तयारी, स्नेहसंमेलनं, सगळं एकदम.

मग केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा (केंद्राचा) अधिकारी, कोणाला पाठवते? ज्याला पाठवल्यानं शाळा बंद पडत नाही त्याला. म्हणजे "गोंडी भाषिक विद्यार्थ्यांच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण" म्हणून जे तीन दिवस होतात त्यात ज्याच्या वर्गात गोंडी बोलणारं एकही पोरगं नाही असे गुरुजीही बसलेले असतात, आणि ज्या बाईच्या वर्गात सगळेच गोंडी बोलतात ती एकशिक्षकी शाळा सोडू शकत नाही म्हणून येत नाही. प्रशिक्षणही वरून खाली गळत येते, राज्यस्तरावर सुलभक तयार, मग जिल्हा, मग तालुका, मग केंद्र, खाली पोचेपर्यंत त्यातलं नमस्कार कसं म्हणायचं, शरीराच्या अवयवांची नावं अन् दोन गाणी एवढंच उरते. तीन दिवसांत कोणाला भाषा येत नसते हे शिकवणाऱ्यालाही माहीत असते अन् शिकणाऱ्यालाही, पण जेवणाचं बिल, प्रवासभत्ता, उपस्थितीपत्रक सगळं नीट जुळते. शब्दसंग्रहाच्या पुस्तिका छापून येतात, चांगल्या असतात काही काही, नंतर गटसाधन केंद्राच्या कपाटात राहतात.

बरं, एखादा मनापासून शिकतो. असे आहेत, मी नावं नाही घेत पण भामरागड, एटापल्लीत मराठी घरातले काही मास्तर पाहिले जे चार पाच वर्षांत माडियात पोरांशी भांडू लागले, म्हणजे भाषा आलीच म्हणायची. पण बदली धोरण बघा. २०१७ पासून जिल्हांतर्गत बदल्यांमध्ये अवघड क्षेत्र अन् सर्वसाधारण क्षेत्र असे दोन भाग आहेत, अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की बदली मागायचा अधिकार मिळतो. शिक्षकाच्या बाजूनं हे न्याय्यच आहे, जिथं पावसाळ्यात नाले भरले की गावाचा संपर्क तुटतो तिथं कोणी किती दिवस काढायचे. परिणाम मात्र असा की ज्या वर्षी त्याला भाषा जमायला लागते त्याच वर्षी तो चामोर्शी, आरमोरी नाहीतर देसाईगंज अशा सोयीच्या तालुक्याचा अर्ज भरतो. आणि त्याच्या जागी नवा शिक्षणसेवक (पहिली तीन वर्षं मानधनावरचा शिक्षक) येतो, त्याच्यासाठी पुन्हा तीन दिवसांचं प्रशिक्षण.

पैशाचंही तसंच. ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानं आदिवासी अन् नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला एकस्तर वरची वेतनश्रेणी आहे, वर मूळ पगाराच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता, पण त्याला कमाल मर्यादा १५०० रुपयांची. हा सगळा पैसा जागेसाठी आहे. भाषा येणाऱ्याला अन् न येणाऱ्याला तेवढाच. म्हणजे सरकार अवघड रस्त्याची किंमत देते, वर्गात समजेल असं बोलण्याची देत नाही.

इथं कोणी म्हणेल की पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आहे ना, स्थानिक आदिवासी उमेदवारच घ्यायचे म्हटल्यावर भाषेचा प्रश्न सुटलाच. अर्धा सुटतो. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी १७ संवर्गांची पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी ठेवली. पण जमातीचा दाखला म्हणजे भाषेचा दाखला नाही. गडचिरोलीतल्याच उत्तरेकडच्या तालुक्यांत कितीतरी आदिवासी कुटुंबं घरी मराठीच बोलतात, तिकडची पोरगी भामरागडला लागली तर तिलाही माडिया पहिल्यापासूनच शिकावी लागते. आणि दुसरं म्हणजे कोर्ट. २०२० च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं आंध्रमधलं अनुसूचित क्षेत्रातलं शिक्षकांचं १०० टक्के आरक्षण रद्द केलं, त्यानंतर आपल्याकडची पेसा भरतीही कोर्टात अडकली, मग २०२४ मध्ये पोरांच्या आंदोलनांनंतर मानधनावर तात्पुरत्या नेमणुका द्यायचा मार्ग काढला. आता मानधनावरचा शिक्षक कितीही चांगला असो, त्याचा जीव टांगणीला, तो शाळेत लक्ष देईल की मुंबईच्या मोर्चाकडं.

मला स्वतःला वाटते की जातीचा निकष न हलवता भाषेचा निकष स्वतंत्र ठेवला तर कोर्टातही तो जास्त टिकेल, कारण तो पदाच्या कामाशी थेट जोडलेला आहे, उर्दू शाळेत उर्दू येणारा शिक्षक मागतो तसाच. मी वकील नाही, पण भरती प्रक्रियेची फाईल कशी बनते ते माहीत आहे.

आणि असं पद बनवता येत नाही असं कोणी सांगितलं तर मानू नका, आपल्याच राज्यानं ते केलेलं आहे. २०२३-२४ च्या भरतीत सेमी इंग्रजी शाळांसाठी केंद्राकेंद्रावर इंग्रजी माध्यमातून शिकलेला एक शिक्षक साधनव्यक्ती म्हणून द्यायचं ठरलं, त्यावर मराठी माध्यमाच्या डी.एड. वाल्यांनी केवढा आरडाओरडा केला ते आठवत असेल. ते बरोबर की चूक हा वेगळा वाद, मला तं त्यात मराठी माध्यमाच्या पोरांवर अन्यायच वाटला, पण मुद्दा असा की सरकारनं मनावर घेतलं तर पदापुढं भाषा लिहिता येते, आरक्षणाची बिंदूनामावलीही जुळते, पोर्टलवर रकानाही उघडतो. उर्दूचंही तेच, केंद्र सरकारची भाषा शिक्षक नेमायची मदत योजना आहे, ज्या भागात २५ टक्क्यांवर उर्दू बोलणारे आहेत तिथं उर्दू शिक्षकांसाठी पैसा मिळतो. मग गोंडी, कोरकू, कोलामी या आदिवासी भाषांना काहून नाही? २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे २९ लाखांवर, कोरकू ७ लाखांवर, कोलामी सव्वा लाखाच्या वर. गोंडी अजून घटनेच्या आठव्या अनुसूचीत (मान्य भाषांच्या यादीत) नाही, आणि २०२० चं धोरण भाषा शिक्षकांवर मोठी गुंतवणूक करा म्हणते तेव्हा खास उल्लेख आठव्या अनुसूचीतल्या भाषांचाच करते. खरी गोम तिथं आहे. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या पेपरमध्येही पहिली भाषा म्हणून मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगु वगैरे निवडता येते, गोंडी नाही, माडियाही नाही. म्हणजे तुमच्या बहिणीला जी गोष्ट येते अन् दुसऱ्या हजारोंना येत नाही ती १५० मार्कांच्या पेपरात कुठंच मोजली जात नाही.

अमेरिकेचं विचारलं म्हणून थोडं, कारण तिकडचं उदाहरण आपल्याला वाटते तेवढं गोड नाही. कॅलिफोर्नियानं १९९८ मध्ये मतदानानं द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद केलं, मग २०१६ मध्ये पुन्हा मतदानानं ते खुलं केलं. मधली अठरा वर्षं नवे द्विभाषिक शिक्षक फारसे तयारच झाले नाहीत, कॉलेजांतले कोर्स आकसले, ज्यांच्याकडं प्रमाणपत्र होतं तेही इंग्रजीच शिकवत बसले. खुलं झालं तेव्हा पालक रांगेत अन् शिक्षक गायब. म्हणून २०१७ मध्ये राज्यानं ५० लाख डॉलर काढले, आणि ते कोणावर खर्च केले ते बघा, मुख्यतः ज्यांना भाषा आधीच येते अशांवर, म्हणजे प्रमाणपत्र असून नुसत्या इंग्रजी वर्गात अडकलेले शिक्षक अन् शाळेतले मदतनीस. भाषा न येणाऱ्याला भाषा शिकवण्यापेक्षा भाषा येणाऱ्याला शिक्षक बनवणं स्वस्त पडते, हा हिशोब त्यांना अठरा वर्षं घालवून कळला.

आपल्या जवळचं उदाहरण ओडिशाचं. त्यांनी २००६-०७ च्या सुमाराला दहा आदिवासी भाषांत सुरुवात केली, पुढं २१ भाषांपर्यंत नेलं, आणि महत्त्वाचं म्हणजे त्या समाजातलेच, ती भाषा बोलणारे शिक्षक त्यासाठी घेतले. तिकडंही रडगाणी आहेत, पुस्तकं उशिरा येतात, शिक्षक दुसऱ्याच कामाला जुंपले जातात, पण पद होतं म्हणून रडायला तरी जागा होती.

याच्या बरोबर उलटं उदाहरण एकलव्य निवासी शाळांचं. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ७४० एकलव्य शाळांसाठी ३८,८०० शिक्षक अन् कर्मचारी भरायची घोषणा झाली, पोरं आदिवासी, साडेतीन लाखांच्या घरात. एवढी मोठी सरकारी भरती आदिवासी पोरांसाठी क्वचितच निघते. पण परीक्षा देशभर एक, आणि हिंदी येणं सक्तीचं. मग झालं काय, हरियाणा राजस्थानकडचे पोट्टे मार्क मिळवून तेलंगणाच्या अन् दक्षिणेच्या आदिवासी शाळांत जाऊन पडले, त्यांना पोरांचं कळेना, पोरांना त्यांचं कळेना, अन् बदलीचे अर्ज सुरू. त्या पोरांची काही चूक नाही, त्यांनी परीक्षा पास केली. चूक जाहिरातीची. पैसा पूर्ण, पदं मंजूर, भाषा चुकीची, असं एकदम होऊ शकते.

नागपूर शहरात राहून हा प्रश्न दूरचा वाटतो बऱ्याच जणांना, पण हे शहर मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, १९५६ पर्यंत इथल्या कारभारात हिंदी मराठी दोन्ही चालायच्या, अजूनही महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. कामठी रोडच्या बाजूला वीटभट्ट्यांवर छत्तीसगडहून येणाऱ्या कुटुंबांची पोरं पाहा, घरी छत्तीसगढी, शाळेत कधी हिंदी कधी मराठी, आणि पाच सहा महिन्यांत गाव सोडून परत. त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेचा हंगामी मदतनीस लागतो, कायम पद नाही. तिकडं सिरोंचात तेलुगु, मुलचेरा चामोर्शीत बंगाली. म्हणजे एकच सूत्र सगळीकडं लावता येत नाही.

आता खरा मुद्दा, भाषा येणाऱ्या माणसाला कशाचं प्रशिक्षण द्यायचं. कारण पुष्कळांना वाटते माडिया येते अन् मराठी येते म्हणजे झाली ती द्विभाषिक शिक्षिका. नाही होत. मी अशा वर्गांत मागं बसून पाहिलंय, बाई प्रत्येक वाक्य आधी मराठीत बोलणार मग लगेच माडियात सांगणार. पोरं हुशार असतात, त्यांना दोन दिवसांत कळते की मराठी वाक्य सोडून दिलं तरी चालते, मागून आपल्या भाषेत येतेच आहे. मग ती मराठी ऐकतच नाहीत, आणि तिसरीत गेल्यावर बाई बदलली की एकदम गप्प. त्यापेक्षा गोष्ट पूर्ण माडियात सांगायची, त्यावर पोरांना माडियातच भरपूर बोलू द्यायचं, दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट चित्रं दाखवत मराठीत, तेव्हा त्यांना अर्थ माहीत असतो अन् सगळं लक्ष मराठीकडं जाते. वाचायला शिकवताना आधी पोराच्या तोंडात असलेल्या शब्दांतून अक्षरं काढायची, देवनागरीत लिहिलेली माडिया वाचता आली की तीच अक्षरं मराठीत चालतात. गणितात मोजणी घरच्या भाषेत, चिन्हं अन् संज्ञा हळूहळू मराठीत. कोणत्या तासाला कोणती भाषा, किती महिन्यांनी प्रमाण बदलायचं, हे ठरवून करायचं काम आहे. हेमलकशाच्या लोकबिरादरीसारख्या ठिकाणी माडियातून सुरुवातीचं साहित्य बनवून अशा कामाचा अनुभव जमलेला आहे, डायटनं नवं चाक शोधत बसायची गरज नाही. हे शिकायला तीन दिवस पुरत नाहीत, एक पूर्ण सत्र लागते, आणि मध्ये मध्ये वर्गात येऊन पाहणारं कोणीतरी लागते. प्रशिक्षणाचा पैसा इथं लागला पाहिजे.

मला कोणी आराखडा लिहायला बसवलं तर पैसा असा लावीन. पहिले बारावीपासून, कारण गळती तिथंच होते. भामरागडच्या पोरीला डी.एड. साठी गडचिरोली नाहीतर नागपूरला यायचं म्हणजे फी पेक्षा राहणं खाणं भारी पडते, वसतिगृहाची जागा अन् महिन्याचा खर्च दोन वर्षं दिला पाहिजे, बदल्यात गावाकडं ठरावीक वर्षं नोकरीची अट. धोरणातही ग्रामीण भागातल्या पोरांना बी.एड. साठी शिष्यवृत्ती अन् स्थानिक नोकरीत प्राधान्य लिहिलंय, तेच डी.एड. ला लावा. दुसरं, संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणाऱ्या कागदात, भाषेचा रकाना. यू-डायस या सरकारच्या शाळांच्या माहिती नोंदणीत विद्यार्थ्याची मातृभाषा भरायची सोय आहेच, पण बहुतेक शाळांत घाईघाईत सगळ्यांपुढं मराठी टाकून मोकळे होतात, मग वर आकडेवारीत तुमच्या गावात माडिया बोलणारं पोरगंच नसते, पद कशाच्या आधारावर मागणार. तिसरं, तोंडी चाचणी, तीही गावातल्या दोन जाणत्यांसमोर, ध्वनिमुद्रण ठेवून, नुसती पास नापास, मार्क नाहीत, म्हणजे वशिल्याला वाव कमी. आणि चौथं, भाषेचा भत्ता. समजा महिना २००० रुपये दिले, ५०० पदं धरली, वर्षाचे १ कोटी २० लाख होतात. एखाद्या जिल्ह्याच्या बांधकामाच्या खर्चापुढं हा आकडा कुठं दिसणारही नाही. वर अट एकच, भत्ता पाहिजे तर त्या भाषेच्या शाळेत राहायचं, बदली घेतली की भत्ता बंद.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, तोवर गावाच्या हातात दोन तीन खाती आहेत जी फार कमी लोक वापरतात. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो, त्यात शिक्षण हा विषय बसतो, त्यातून ग्रामसभा शाळेत भाषा मदतनीस ठेवू शकते. दुसरं जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणी असलेल्या जिल्ह्यांत तिथं चांगला पैसा जमतो, शिक्षण त्यातलं प्राधान्याचं क्षेत्र आहे आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षक व सहायक कर्मचारी घेणंही बसते. प्रत्यक्षात मात्र स्मार्ट टीव्ही अन् डिजिटल क्लासरूमच जास्त घेतल्या जातात कारण त्यांचं उद्घाटन करता येते. ग्रामसभेनं स्वतः केलेलंही उदाहरण आहे, धानोरा तालुक्यातल्या मोहगावनं २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच्या जिवावर उभी केली, पुढं तिला मान्यता नाही म्हणून नोटीस आली अन् प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं. म्हणून माझा सल्ला, वेगळी शाळा काढण्याच्या भानगडीत पडण्याआधी आहे त्या जिल्हा परिषद शाळेत मदतनीस बसवा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, मुख्याध्यापकांना पत्र द्या, कामाची वही ठेवा. उद्या पद निघालं तर तो अनुभव कागदावर असला पाहिजे.

आता बहिणीचं. डी.एड. सोडू नका म्हणावं, २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं बी.एड. वाल्यांना प्राथमिकच्या स्पर्धेतून बाहेर केलंय, म्हणजे पहिली ते पाचवीची जागा डी.एड. चीच. टीईटीचा पेपर एक लगेच द्यायचा, पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, तिच्या वर्गातल्या बऱ्याच पोरी इंग्रजीच्या त्या ३० मार्कांवरच अडकतात तं त्याची तयारी आतापासून. सुप्रीम कोर्टाच्याच १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली अशा जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची अट आली आहे, त्यामुळं पुढं जागा हलतील पण परीक्षेची गर्दीही वाढेल. मग अभियोग्यता चाचणी, ती रोज होत नाही, २०१७, २०२३ आणि २०२५ अशीच झाली, निघाली की सोडायची नाही. लागली तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १६,००० रुपये, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि सगळ्यात आधी जात वैधता प्रमाणपत्र अन् अनुसूचित क्षेत्रातला रहिवासी दाखला, हे दोन कागद आजच अर्ज करून ठेवा. पोरी यादीत येतात अन् वैधता नाही म्हणून मागं राहतात हे मी दर भरतीत बघत आलोय. जात पडताळणी समितीत त्रुटी काढून अर्ज परत आला की आजोबांच्या शाळेचा दाखला, महसुली नोंद असं शोधत फिरावं लागते, एटापल्लीकडं जुन्या पिढीत शाळेत गेलेलं माणूस सापडणंच मुश्किल, तर आतापासून काकांना, आत्याकडच्यांना विचारून ठेवा की जुना कागद कोणाच्या पेटीत आहे. भाषेसाठी सध्या तिला एकही मार्क मिळणार नाही. सुट्टीत गावी जाईल तेव्हा मुख्याध्यापकांना भेटून यू-डायसमध्ये पोरांची मातृभाषा काय भरली आहे ते मात्र तिनं नक्की बघावं, अन् चुकीची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह दुरुस्त करून मागावी, ते काम कोणत्याही फंडाशिवाय होते.